डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधलं पाणी

आमच्या हौदाला कुणी घाण म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर नवल वाटायला नको.

हा हौद मुरुडपासून (समुद्राकाठचं नव्हे, इकडचं) थोडा आत, आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी आहे. सिमेंटचा, कमरेएवढा उंच, जनावरांना पाणी पाजायला आजोबांनी बांधलेला. त्यात बोअरचं पाणी पडतं. आमच्याकडचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नवा हंडा चार महिन्यांत आतून पांढरा होतो. हौदात पाणी जिथं भिंतीला टेकतं, तिथं बोटभर रुंदीचा एक गुलाबी पट्टा यायचा. हिरवं शेवाळ सगळ्यांच्याच हौदाला असतं. गुलाबी पट्टा मी दुसरीकडं कुठं पाहिला नव्हता.

पोळ्याच्या आधी हौद उपसून घासायची आमच्याकडं रीत आहे. बैल आता गावात मोजकेच राहिलेत, पण हौद घासला जातो. आई विटकरीच्या तुकड्यानं तो पट्टा खरवडून काढायची आणि आठ-दहा दिवसांत तो पुन्हा हजर. "लई चिवट हाय बाई हे," ती म्हणायची. "दरसाल घासायलाव, दरसाल यायलंय."

मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, नांदेडला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे काम सगळ्यांएवढं, पण स्टाफरूममधली तुमची खुर्ची कोणती हे कुणी सांगत नाही. माझा विषय होता गोड्या पाण्यातले जिवाणू. तीन वर्षं मी गोदावरीच्या घाटांवरून, धरणावरून, किनवटकडच्या ओढ्यांतून बाटल्या भरभरून नमुने आणले आणि जगाला आधीच माहीत असलेले जिवाणू पुन्हा पुन्हा शोधून काढले. मुदत संपत आली, तशी एकदाच मिळणारी मुदतवाढही घेऊन झाली. त्या वर्षी पोळ्याला गावी गेले, तेव्हा आईच्या विटकरीआधी मी हौदाशी पोचले आणि निर्जंतुक कापसाच्या काडीनं तो पट्टा पुसून नळीत बंद केला.

आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "एवढं शिकून हौद पुसायलीस व्हय गं?"

"हो. आणि तू आज हा कोपरा घासू नको."

"पाव्हणे काय म्हणतील?"

"पाव्हणे हौदात बघायला येतात का?" असं मी म्हटलं, पण तिनं तो कोपरा सोडला. आपल्या घरात कुणी पीएच.डी. करत असलं की अशा लहानसहान गोष्टी सोसाव्या लागतात, हे तिला एव्हाना कळलं होतं.

नांदेडला आले. जिवाणू वाढवायचे तर त्यांना खाद्य लागतं. पावडर पाण्यात विरघळवायची, घट्ट व्हायला अगार घालायचं, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं आणि काचेच्या बशीत ओतून थिजवायचं. हौदातल्या जीवाला मेजवानीची सवय नसणार, म्हणून मी पावडर नेहमीच्या एक दशांशच घेतली. सहाव्या दिवशी बशीवर मोहरीपेक्षा बारीक, गुलाबी ठिपके आले. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची एकेक वसाहत. मी ती बशी खिडकीशी धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. शेवटी आमच्या लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, हात दुखतील."

हे मामा म्हणजे आमच्या विभागाचे प्रयोगशाळा सेवक. गाव भोकर, रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं. कोणती चावी कोणत्या कुलपाची, कोणता बर्नर नाक दाबल्याशिवाय पेटत नाही, हे विभागात फक्त त्यांना माहीत. विभागप्रमुख बदलत गेले, मामा होते तिथंच होते.

मी तो ठिपका वेगळा काढला, शुद्ध केला, काही नळ्यांत ग्लिसरॉलबरोबर भरून पुढच्यासाठी फ्रीझरला ठेवला आणि डीएनए काढून तपासायला पाठवला. गावात अनोळखी माणूस आला की आमच्याकडं आधी विचारतात, "कुणाकडचे पाव्हणे?" जिवाणूंचंही तेच करतात. त्यातलं एक ठरलेलं जनुक वाचायचं आणि जगातल्या सगळ्या नोंदलेल्या जिवाणूंशी ताडून बघायचं. सारखेपणा एका ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर ओळखीतलाच कुणी असू शकतो. पुष्कळ खाली असेल, तर हा कुणाकडचाच नाही. माझा पुष्कळ खाली होता.

मी हे मार्गदर्शक सरांना दाखवलं. सर भले, पण भित्रे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे बाहेरच्या कुणाला तरी वाढवून बघू द्या. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार?" त्यांनी मोठ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं नाव सुचवलं. त्यांना मी इथं मोठे सर म्हणते, कारण आमच्याकडं सगळे तसंच म्हणायचे. त्यांच्याकडं मी एक नळी पाठवली.

दिवाळीनंतर आमच्या लॅबमध्ये नवं डिस्टिलेशन यंत्र आलं. जुन्याची कॉइल पावसाळ्यातच जळाली होती. मी उत्साहानं नव्या बशा ओतल्या, साठवणीतली नळी काढली, त्यातल्या जिवाणूच्या बशीवर रेघोट्या मारल्या. सहा दिवस झाले. दहा झाले. बशा कोऱ्या. दुसरी नळी काढली, तीही तशीच. गावी जाऊन हौदातून पुन्हा पुसून आणलं, तेही वाढेना. म्हणजे हौदात डोळ्यांना दिसतंय आणि बशीत काही नाही.

तेवढ्यात आमचा प्रगती अहवालाचा सेमिनार आला आणि मोठे सरच परीक्षक म्हणून आले. त्यांनी माझा जनुकाचा तक्ता पडद्यावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही पाठवलेल्या नळीतून आमच्याकडं काही वाढलं नाही. जे दोन ठिपके आले ते माणसाच्या कातडीवरचे. तुमची गुलाबी वसाहत म्हणजे लॅबमधली घाण आहे. स्वच्छतेच्या मूलभूत सवयी लागतात या कामाला." मग जरा हसून, "तिकडच्या पाण्याचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. उलट बोलायला पुरावा लागतो आणि माझ्या हातात कोऱ्या बशा होत्या. पण मला जे वाटलं ते लाज नव्हती, संताप होता. गेली सात वर्षं मी बर्नरशेजारी घामाघूम होऊन पंखा बंद ठेवून काम करते, वाऱ्यानं एक कण बशीत पडू नये म्हणून. आणि हा माणूस एका नळीवरून माझ्या सवयी काढतो, वर माझ्या गावचं पाणी काढतो.

सेमिनारनंतर सर म्हणाले, "विषय बदला. घाटांवरच्या नमुन्यांचं सांख्यिकी करून टाका, डिग्री मिळून जाईल. हा नाद सोडा."

"माझ्याकडं अजून दोन नळ्या आहेत, सर."

"त्याही वाया घालवणार?"

"वाया गेल्या तर मग सोडते," मी म्हटलं. असं म्हणताना माझं मलाच कळत होतं की मी सोडणार नाही.

त्या नळ्यांना हात लावण्याआधी मी वही उघडली. वही लिहायची सवय मला एम.एस्सी.पासून आहे, जे दिसेल ते लिहायचं, अर्थ कळो न कळो. ठिपके आले त्या पंधरवड्याच्या पानांवर माझ्याच अक्षरात तीन वेळा लिहिलेलं होतं, "ऑटोक्लेव्हनंतर फ्लास्कच्या बुडाला पांढरा साका. अगार नीट विरघळलं नसावं." दिवाळीनंतरच्या पानांवर साका नव्हता. अगारचा डबा तोच होता. पावडर तीच होती. मी त्या पानाकडं बघत बसले आणि मला घरचा हंडा आठवला.

मामा खाली स्टोअरमध्ये चंचुपात्रं मोजत होते. मी सरळ विचारलं, "मामा, यंत्र जळालं होतं तेव्हा कॅनमध्ये डिस्टिल्ड वॉटर कुठून आलं होतं?"

ते मोजायचे थांबले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, रागाला येऊ नका."

"नाही येत."

"प्रॅक्टिकल तोंडावर होते. प्रमुख सर म्हणले, कॅन रिकामा दिसाय नको. मागणी टाकून महिना झालता. मी कॉलेजमागच्या सोसायटीच्या बोअरचं आणून, फडक्यानं गाळून भरत होतो. म्हणलं पोरांचं अडाय नको, तुमचं अडाय नको. तुमी तसंबी कुकरात घालून शिजवताच की." ऑटोक्लेव्हला ते कुकर म्हणत. "लई चुकलं का मॅडम?"

कुठल्याही पुस्तकात ही चूकच आहे, आणि मोठी आहे. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलला पहिल्या दिवशी मी तेच शिकवते. माध्यम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, डिस्टिल्ड वॉटरमध्येच करायचं, नळाचं पाणी चालणार नाही. मोठ्या संस्थेत अशी चूक होणं शक्य नव्हतं. तिथं यंत्र जळत नाही, जळालं तर दुपारी दुसरं येतं, आणि कॅन रिकामा दिसू नये म्हणून बोअरवर जाणारे मामा तिथं नसतात. म्हणूनच तिथं माझा जिवाणू वाढणं शक्य नव्हतं. मी स्टोअरमध्येच मोठ्यानं हसले. मामा घाबरून उभे राहिले.

"मामा, त्याच बोअरचं पाणी आज भरून आणाल?"

"हाव, आणतो की. पण आता तर यंत्र चालून राह्यलंय."

"चालू दे. मला तेच पाणी पाहिजे."

दोन नळ्यांपैकी एक उघडली. निम्म्या बशा डिस्टिल्डच्या, निम्म्या बोअरच्या. सहाव्या दिवशी बोअरच्या सगळ्या बशांवर गुलाबी ठिपके होते आणि डिस्टिल्डच्या बशा कोऱ्या होत्या. मी त्या बशा सरांच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सरांनी पुन्हा चष्मा पुसला.

पुढं वर्षभर मी एकच काम केलं. पाण्यातला कोणता क्षार याला लागतो ते एकेक करून शोधलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅल्शियम भरपूर घातलं की तो वाढायचा, पण पांढरा. गुलाबी रंग फक्त बोअरच्या पाण्यात यायचा. तो कशानं येतो ते मला अजून सापडलेलं नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाकीचं सगळं केलं. तो कोणती साखर खातो, किती उष्णता सोसतो, सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मैत्रिणीनं त्याचा पूर्ण जीनोम वाचून दिला आणि जवळच्या सगळ्या प्रजातींशी ताडला. तो कुणाशीच जुळला नाही. प्रजाती नवीच होती.

शोधनिबंध लिहायला बसलो तेव्हा सर म्हणाले, "आता कॅल्शियमचं कळलंच आहे. तर पहिल्यापासून कॅल्शियम घालून केलं, असं लिहू. ते बोअरचं, कॅनचं काही नको. कॉलेजची शोभा होईल."

"पण पहिल्यापासून तसं केलं नाही, सर."

"कुणाला कळणार आहे?"

"मला. मामांना. आणि उद्या कुणी गुलाबी वसाहत मागितली तर काय सांगणार?"

"अहो, त्या माणसाला मेमो निघेल. रिटायरमेंटच्या तोंडावर." हे मात्र खरं होतं. माझ्या हट्टापायी त्यांचं नुकसान व्हावं, असं मला वाटत नव्हतं. मी मामांकडं गेले आणि सगळं सांगितलं. नको म्हणालात तर लिहिणार नाही, हेही सांगितलं.

मामांनी खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले. "मॅडम, मी पाणी भरलं ते चोरून न्हाई भरलं. समद्यांच्या देखत बोअरवर जायचो. कुनी इचारलंच न्हाई, कशाला नेतो म्हणून. लिवा तुमी. मेमो आला तर मीबी बोलीन, दिवाळीपस्तोर यंत्र का न्हाई आणलं ते."

मी लिहिलं. साध्या वाक्यात, मूळ जिवाणू कॉलेजमागच्या बोअरच्या पाण्यात केलेल्या माध्यमावर वेगळा केला, असं. आणि आभारात मामांचं नाव घातलं, कशासाठी तेही घातलं. सर म्हणाले, सेवकाचे आभार असे खुलासेवार कुणी मानत नाही. मी म्हटलं, मी मानते. मेमो आला नाही. मामांनी आधीच प्रमुखांना जाऊन काय बोलायचं ते बोलून ठेवलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

याच दिवसांत मोठ्या सरांचा फोन आला. आवाज एकदम गोड. त्यांना निबंधाची कुणकुण लागली होती. "नवी प्रजाती मान्य व्हायची तर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत तिचा जिवंत नमुना ठेवावा लागतो, त्यांची प्रमाणपत्रं लागतात. तुम्हाला ते झेपणार नाही. आमच्यामार्फत पाठवू. पहिलं नाव आमच्या विद्यार्थ्याचं राहील आणि प्रजातीला आमच्या संस्थेचं नाव देऊ. तुमचंही नाव असेलच."

"सर, ती घाण आहे म्हणाला होतात."

"तेव्हाची माहिती तशी होती."

"तेव्हा मीही तीच होते," मी म्हटलं. "नाव ठरलेलं आहे. नमुने मी पाठवते."

झेपायला जड होतंच. परवानग्या, अर्ज, बर्फाची खोकी, कस्टमचे कागद. एका खोक्यातली नळी वाटेत फुटली, ती पुन्हा पाठवली. एका संग्रहानं विचारलं की एवढं कॅल्शियम का, तर त्यांना आमच्या हंड्याच्या आतल्या भागाचा फोटो पाठवला. आठ महिन्यांनी दोन्ही प्रमाणपत्रं आली. जिवंत आहे, शुद्ध आहे, दिलेल्या कृतीनं वाढतो. त्या शब्दांवरून मी किती वेळा बोट फिरवलं असेल. मग निबंध छापून आला. प्रजातीच्या नावात आमच्या गावाचं नाव आहे आणि त्याला लॅटिनचा 'तिथला राहणारा' असा प्रत्यय लावलाय. तलाठ्यानं रहिवासी दाखला द्यावा, तसा मी तो दिला. डिग्रीही मिळाली.

आईला छापील पान दाखवलं. तिनं गावाचं नाव इंग्रजीत कुठं आहे ते विचारलं, त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "मग आता घासायचं का न्हाई घासायचं?"

"घास की. तो येतोच परत."

या उन्हाळ्यात मोठ्या सरांच्या लॅबमधून ईमेल आली. स्वतः सरांची सही. त्यांनी परदेशातल्या संग्रहातून माझा जिवाणू मागवला होता. कॅल्शियम घालून वाढतो, पण पांढरा. रंगावर काम करायचंय. तरी कृपा करून मूळ पाणी पाच लिटर पाठवावं, मोठ्या संशोधनाला मदत होईल.

नाही म्हणावं असं पहिल्यांदा मनात आलं. मग वाटलं, का म्हणून? जावं ते पाणी तिथं. त्यांच्या चकचकीत टेबलावर बसावं, काचेच्या बुडाला साका धरावा.

मामा रिटायर झालेत, पण आठवड्यातून एकदा भोकरहून येऊन जातात. नव्या सेवकाला अजून बर्नर पेटवता येत नाही. त्या दिवशी ते आलेच होते. त्यांनी कॅन बोअरवर नेला, स्वच्छ धुतला, फडक्यानं गाळून काठोकाठ भरला आणि झाकण आवळलं. कॅनवर जुनी पट्टी होती, निम्मी फाटलेली, त्यावर इंग्रजीत 'डिस्टिल्ड वॉटर'. मामांनी खिशातून मार्कर काढला आणि अवघडून माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, मोठ्या ठिकाणी जाणार हाय. ऱ्हाऊ द्यायची का ही पट्टी?"

"काढा ती," मी म्हटलं. "बोअरचं पाणी लिहा. मोठ्या अक्षरात. आणि खाली कुणी भरलं ते नाव."